जायचे पैसे

बटण एकाच धाग्यावर लोंबत होतं. टिलीच्या कोटाचं, वरून दुसरं, जांभळं, कडेला चिरलेलं... आणि लोर्नाच्या मनात आलं की हे आत्ताच ओढून काढावं आणि खिशात ठेवावं, म्हणजे निदान हरवणार तरी नाही. पण काढलं तर टिली विचारेल कधी लावणार, आणि लावायला बसलं की कबूल करावं लागेल, बटण सैल झालेलं नाही, कोटच आखूड झालाय, पोटावर ताणून ताणून धागा बिचारा थकलाय. बाह्यांतून मनगटं बाहेर आली होती. जानेवारीची शेवटची सकाळ, दाराच्या फटीतून येणारा खाडीवरचा वारा, आणि ती दोन उघडी मनगटं—

“लोर्ना.”

“हं?”

“मी विचारलं, ते मुलींचं तू बंद केलंस ना? दोन वर्षांपूर्वी म्हणालो होतो ते?”

बॅरी रात्रपाळीहून आत्ताच आला होता. नदीकाठच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तो शिफ्टचा प्रमुख होता. रात्रभर कंट्रोल रूममधल्या पडद्यांकडे बघून डोळे उकडल्यासारखे झालेले, बूट अजून पायात, आणि चहाचा मग तो असा दोन्ही हातांत धरून उभा होता, की पिण्यापेक्षा हात शेकणं जास्त महत्त्वाचं असावं. घर गार होतं. रेडिएटर संध्याकाळी पाचला लागायचे, आणि सहाला बंद व्हायचे.

“आज शेवटची तारीख आहे,” तो म्हणाला. “झोपून उठलो की कराचं रिटर्न भरून टाकतो. त्यात एक रकाना असतो, घरात कुणाला मुलांचा भत्ता मिळतो का. शून्य टाकायचं ना?”

“हो,” लोर्ना म्हणाली. “शून्य.”

किती सहज आलं ते! तिला स्वतःलाच नवल वाटलं. जणू तोंडातच ठेवलेलं होतं, गोळीसारखं, जिभेखाली, केव्हापासून कुणास ठाऊक. बॅरीने मान हलवली, टिलीच्या टोपीवर एक टपली मारली, “पळा आता, बाईसाहेब, शाळा तुमच्यासाठी थांबणार नाही,” आणि तो जिना चढून वर गेला. एकेक पायरी. थकलेल्या, भल्या माणसाचं चढणं.

ते पैसे यायचे लोर्नाच्या खात्यात. सरकार मुलांसाठी आईला देतं ते, दर चौथ्या मंगळवारी, न मागता. आणि घरातल्या कुणा एकाची कमाई ठरावीक रेषेच्या वर गेली, की तेच पैसे सरकार त्याच्या करातून परत काढून घेतं. तो मुलांचा बाप असायला हवा असं नाही. त्याच छपराखाली जोडीदार म्हणून राहतो, एवढं पुरतं. बॅरी राहायला आला तेव्हा टिली चार वर्षांची होती, बेथन दहा. त्याचं त्यांच्याशी रक्ताचं नातं नव्हतं, लग्न झालेलं नव्हतं म्हणून कागदाचंही नव्हतं, दोघी त्याला नुसतं बॅरी म्हणायच्या, आणि पहिल्याच वर्षी त्या दोघींबद्दल त्याला कर भरावा लागला. तेव्हा हसला होता तो. ‘बघ, सरकारच्या लेखी तरी मी यांचा कुणीतरी आहे,’ असं म्हणाला होता.

दुसऱ्या वर्षी हसला नाही. त्या वर्षी विजेचं, गॅसचं, सगळ्याचंच काहीतरी व्हायला लागलं होतं. पुढे घराच्या कर्जाची जुनी मुदत संपली आणि नवा हप्ता असा आला, की दोघंही पडद्याकडे बघत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाचं घर चुकून त्यांच्या नावावर लागलंय. मग बॅरीने सुट्टीच्या दिवशीही शिफ्टा घ्यायला सुरुवात केली. शिफ्टा वाढल्या तशी कमाई त्या रेषेच्या आणखी वर गेली, आणि कमाई वर गेली तसा भत्त्याचा उरलासुरला तुकडाही परत जाऊ लागला. समोरच्या घरातलं जोडपं, दोघं मिळून यांच्यापेक्षा कितीतरी जास्त घरी आणणारं; पण दोघंही वेगवेगळे रेषेच्या जरा खाली, म्हणून त्यांना सगळा भत्ता राहायचा. बॅरीने हे एकदाच बोलून दाखवलं होतं, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना, रागाने नाही, कोड्याचं उत्तर न सापडल्यासारखं.

“अगं, तुझ्या खात्यात येतात आणि माझ्या पगारातून जातात,” तो म्हणाला होता. “वर्षभर तुला वाटतं आहेत, आणि वर्षाअखेर मला कळतं नव्हते. बंदच करून टाक ना.”

“करते,” ती म्हणाली होती.

आणि तेव्हा ते खोटं नव्हतं. खरंच नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने फोनवर ते पान उघडलं होतं; एका चौकोनात खूण करायची, एवढंच होतं. बोट चौकोनावर नेलं... आणि बोट तिथेच राहिलं. टिलीने हाक मारली, पान बंद झालं. पुन्हा उघडलं नाही. कराचं चाक एक वर्ष मागून फिरतं, म्हणून गेल्या जानेवारीत काही उघडकीला आलं नाही; आणि मग न उघडकीला येण्याचीसुद्धा सवय होते माणसाला, दातातल्या किडीची होते तशी — दुसऱ्या बाजूने चावायचं.

शाळेच्या रस्त्याने टिली बोलत होती. वर्गातल्या सशाबद्दल, ससा कुणाच्या घरी सुट्टीत जाणार त्याबद्दल, आपल्याकडे का नाही येऊ शकत... “कारण सशाला थंडी वाजेल,” लोर्ना म्हणाली, आणि टिली हसली, तिला तो विनोद वाटला.

*

शॉनच्या घरी गारठा कधी नव्हता. हे कबूल करायला हवं. शॉन, मुलींचा बाप, घर उबदार ठेवायचा, फ्रिज भरलेला ठेवायचा, आणि शनिवारी संध्याकाळी टेबलाशी बसून लोर्नाकडून आठवड्याच्या पावत्या मागायचा. हात कधी उगारला नाही त्याने. हे ती इतक्या जणांना सांगायची, त्याच्या बहिणीला, डॉक्टरला, स्वतःला, की सांगता सांगता तिला वाटायचं, मग तक्रार तरी काय आहे आपली? फक्त पावत्या. फक्त ‘हे काय घेतलंस’. शाम्पू बदलला तरी ‘का’. बोटाखाली पावती सपाट करून, प्रत्येक ओळीवर थांबून... आणि त्या सगळ्यात एकच गोष्ट अशी होती की जी त्याच्या बोटाखाली आली नाही. बेथन झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने फॉर्म भरायला मदत केली होती, तिने विचारलं होतं, खातं कुणाचं? आणि लोर्नाने लग्नाआधीचं जुनं खातं सांगितलं, जे शॉनला ठाऊक नव्हतं. का सांगितलं ते तिलाही ठाऊक नव्हतं. पैसे त्यात साठत राहिले. ती ते काढायची नाही. ते आहेत हे ठाऊक असणं, एवढाच त्यांचा उपयोग होता, आणि तो फार मोठा होता. शॉन एखाद्या ओळीवर थांबला, की ती मनातल्या मनात त्या खात्याला हात लावून यायची.

मग एका मंगळवारी, शॉन कामावर असताना, तिने टॅक्सी बोलावली. टिली मांडीवर, बेथनच्या हातात तिची उशी. टॅक्सी, दोन खोल्यांची अनामत, पहिल्या महिन्याचं भाडं, सगळं त्या खात्यातून गेलं. लोक म्हणतात हिंमत लागते. मला नाही लागली हिंमत. मला टॅक्सीचे पैसे लागले.

आणि बॅरी चांगला आहे. इतका चांगला आहे, की त्याला हे कसं सांगायचं? की तुझ्यात काही खोट नाही, तरी तुझ्या घरात मी एक दार तुझ्या नकळत उघडं ठेवलंय? की तुझ्या शेजारी झोपते, तुझ्या पायांची ऊब घेते, आणि त्या चौकोनात खूण करायला बोट नेलं की बोटाला दुसराच कुणीतरी आठवतो?

*

माशांना धुरी द्यायच्या कारखान्यापुढच्या छोट्या दुकानात लोर्ना सकाळी काम करायची. हॅडॉकच्या पिवळसर फाका बर्फावर मांडायच्या, तोलायच्या, कागदात बांधायच्या. धुराचा वास केसांत, नखांत, पावात. दुकानाची मालकीण मॉरीन साठीची होती, तिची जीभ धारदार होती आणि हात मऊ, आणि गिऱ्हाईक नसलं की ती रेडिओशी भांडायची.

“ऐक, ऐक, काय म्हणतोय तो,” मॉरीन म्हणाली. “म्हणे महागाई उतरली. अरे बाबा, उतरली म्हणजे काय, चढायची जरा दमली एवढंच. माझ्या दुकानात ये म्हणावं.”

एक म्हातारी आत आली. ती पूर्वी दोन मोठ्या फाका न्यायची. आज तिने बराच वेळ बर्फाकडे पाहिलं आणि शेपटीकडचा एक तुकडा दाखवला, “मांजरासाठी,” म्हणाली. तिचं मांजर गेल्या उन्हाळ्यातच मेलं, हे दोघींनाही माहीत होतं. मॉरीनने तुकडा कागदात ठेवला, वर आणखी एक ठेवला. “मांजराला सांग मॉरीनने दिलाय,” ती म्हणाली.

दार लागल्यावर लोर्ना म्हणाली, “मॉरीन, तुझ्याकडे... मला आणखी काही तास मिळतील का? दुपारचे?”

“तुला?” मॉरीन खरोखरच हसली. “राणी, तुझ्या घरी तेलवाला आहे. तुम्ही लोक तास मागायला लागलात तर आम्ही काय मागायचं? तो पोरगा माझा, नॅथन, त्याची बायको, दोघं मिळून राबतात तरी तुझ्या बॅरीच्या निम्म्यालाही—” आणि मग तिने लोर्नाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती थांबली. “काय गं? बरं आहे ना सगळं?”

“बरं आहे.”

“भांडण?”

“नाही गं. बॅरीशी कोण भांडणार?”

“तेही खरंच. त्याच्याशी भांडणं म्हणजे सोफ्याशी भांडणं.” मॉरीनने फडकं झटकलं. “उन्हाळ्यात बघू तासांचं. आता इथे मीच जास्तीची आहे.”

हे असंच असतं. ज्याच्या घरी एवढा पगार येतो त्याने कण्हायचं नसतं. कण्हलं तर समोरचा आधी पगाराकडे बघतो, मग तुमच्याकडे, आणि मध्ये कुठेतरी तुम्ही निर्लज्ज ठरता. लोर्नालाही ते पटायचं. ती स्वतःच स्वतःला तसं बघायची. नॅथनच्या बायकोला सांगू का मी, की आम्ही रेडिएटर तासभर लावतो? ती म्हणेल, आम्ही लावतच नाही. आणि मग? मग आपण कोण? ना तिकडचे, ना इकडचे. रडायचा हक्कसुद्धा नसलेले.

मागच्या अंगणात, रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला, तिने कर खात्याला फोन लावला. बॅरीला लावता आला नसता. तो झोपला होता, फोन बंद करून झोपायचा. आणि त्याला लावायचाही नव्हता. तिला वाटत होतं, वाट कुठेतरी असेल. एखादी खूण, एखादा फॉर्म, ज्यातून हे सगळं बॅरीला वळसा घालून निघून जाईल. तेच ते संगीत वाजत राहिलं, बोटं बधिर झाली, मग एक बाई बोलू लागली. आवाजावरून तरुण, सर्दी झालेली.

“भत्ता आजपासून थांबवता येईल,” ती म्हणाली. “पण जो मिळाला तो मिळाला. त्याचा कर तुमच्या जोडीदारांना भरावा लागेल.”

“तो मी भरला तर? माझ्या नावावर? पैसे मी घेतलेत, त्यांनी नाही.”

“नाही हो. ज्यांची कमाई जास्त त्यांच्याच नावावर येतो तो.”

“पण मुली माझ्या आहेत. त्यांच्या नाहीत.”

“त्याने फरक पडत नाही.”

“आणि त्यांना ठाऊकच नसेल तर? मी सांगितलंच नसेल तर?”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज, आणि त्या मुलीने जरा हळू आवाजात, पाठ केलेलं सोडून, म्हटलं, “ते रिटर्न पाठवायच्या आधी सांगा त्यांना. चुकीचा आकडा गेला तर तोही त्यांच्याच नावावर जाईल.”

त्यांच्याच नावावर. म्हणजे अपराधसुद्धा आपला नाही. घेतले मी, लपवले मी, खोटं मी बोलले, आणि हे सगळं ज्याच्या नावावर लिहिलं जाणार तो वर गाढ झोपलाय, तोंड उघडं टाकून, उशीखाली हात घालून... तिला एकदम ओरडावंसं वाटलं, त्या मुलीवर नाही, कुणावरच नाही. समोर खोक्यांवर समुद्रपक्षी बसला होता आणि तो तिच्याकडे एका डोळ्याने बघत होता.

*

काम सुटल्यावर ती बँकेच्या भिंतीतल्या मशीनशी गेली. एक विचार तिला अंगणातच सुचला होता आणि त्यामुळे तिला जरा श्वास घेता आला होता: तिथे पैसे आहेत! दोन वर्षांचे मंगळवार आहेत. ते सगळे काढायचे, नोटा बॅरीपुढे ठेवायच्या, आणि म्हणायचं, हे घे, माझी चूक, पण एक पैसा हललेला नाही. खोटं राहील, पण नुसतं खोटं राहील, त्याच्यामागे भोक राहणार नाही. कार्ड जुन्या नावाचं होतं. तिने ते घातलं.

पडद्यावर आकडा आला. तिने तो दोनदा वाचला.

नाही, तिला माहीत होतं. माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? बेथनचे बूट. बेथनच्या शाळेची सहल, जिच्याबद्दल तिने बॅरीला ‘शाळाच देतेय’ सांगितलं होतं. डिसेंबरमध्ये गॅसचे पैसे कमी पडले तेव्हाचे. किराण्याच्या रांगेत, बॅरीने दिलेले संपल्यावर, दुसरं कार्ड पुढे करायचं, सहज, जणू तेही त्याच पाकिटातलं. टिलीचे दात. बॅरीच्या वाढदिवसाचा केक, हो, तोसुद्धा! आणि बॅरी दर महिन्याला म्हणायचा, ‘तू कशी पुरवतेस कळत नाही मला. जादूगार आहेस.’ आणि ती हसायची. प्रत्येक वेळी थोडंसंच. प्रत्येक वेळी पुढच्या मंगळवारी भरून निघेल म्हणून. आणि प्रत्येक वेळी मनात ते खातं तसंच उभं, भरलेलं, जसं शॉनच्या घरी असताना होतं, हात लावून यायला.

पळून जायचे पैसे तिने राहण्यात घालवले होते.

मागे कुणीतरी खाकरलं. तिने कार्ड काढून घेतलं, रांगेतून बाजूला झाली, आणि भिंतीला टेकली. विलक्षण होतं ते; भीती वाटायला हवी होती आणि वाटलीही, पण त्या भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, ज्याला नाव देता येईना. दोन वर्षं ती ज्या दाराला पाठ टेकून निर्धास्त झोपली, ते दार नुसतं भिंतीवर रंगवलेलं होतं. उघडून पाहायची वेळच आली नव्हती. मग निर्धास्त कशाने झोपलो आपण? कुणाच्या भरवशावर?

टॅक्सीपुरते होते अजून, खात्यात. टॅक्सी कुठे जाणार, तेवढं मात्र तिला सांगता येईना.

*

टिलीला घेऊन ती घरी आली तेव्हा बॅरी स्वयंपाकघरात, अंगात कोट घालूनच, लॅपटॉपपुढे बसला होता. टिलीला टीव्हीपुढे पांघरुणात गुंडाळून बसवून लोर्ना आत आली आणि तिने मधलं दार लावून घेतलं.

“झालं?” तिने विचारलं.

“झालंच. पाठवायचं तेवढं राहिलंय. म्हटलं चहा घेऊ मग पाठवू. पैसे त्यांना हवेत, थांबतील.” त्याने डोळे चोळले. “उभी का? बस ना.”

“बॅरी, शून्य नाही ते.”

“काय शून्य नाही?”

“रकान्यातलं. मी बंद नाही केलं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. कंट्रोल रूममध्ये एखादा दिवा लागावा आणि तो खरा की खोटा हे आधी ठरवावं, तसं.

“कधीच नाही?”

“नाही.”

“पण सकाळी तू—”

“हो. सकाळीही.”

लॅपटॉप त्याने पुढे ओढला, मागचं पान उघडलं. “आकडा सांग,” म्हणाला. “वर्षाचा.” तिने सांगितला. त्याने दोन बोटांनी, शोधत शोधत, तो टाकला, जसं तो सगळंच टाइप करायचा, आणि खालचा मोठा आकडा बदलला. बॅरीने नाकातून श्वास सोडला. “म्हणजे गाडीचं काम राहू दे आता,” तो म्हणाला, स्वतःशीच. “आणि हे चालू वर्षही असणार. ते पुढच्या जानेवारीला.”

तो ओरडला असता तर! तिने त्याचीच तयारी केली होती, रस्ताभर. ओरडण्याला काय उत्तर द्यायचं हे तिला येत होतं.

“मी देते थोडेथोडे,” ती म्हणाली. “मॉरीनकडे तास मागितलेत.”

“तू कुठून देशील?”

त्याच्या मनात काही नव्हतं. काळजीने म्हणाला होता तो. पण हेच तीन शब्द, याच क्रमाने, पावतीवर बोट ठेवून दुसऱ्या एका माणसाने म्हटले होते, आणि लोर्नाला वाटलं, खोलीच फिरली.

“माझे होते ते!” ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. “तेवढेच माझे होते. तू म्हणालास बंद कर, लगेच, जसा काही दिवाच बंद करायचाय. मला कुणी विचारलं, की तुझ्याकडे मग काय राहील?”

“अगं, मागितले असतेस तर मी दिले नसते?”

“दिले असतेस. म्हणूनच. मागायचं नव्हतं मला.”

“मग कशाला हवे होते?”

मधल्या दारापलीकडे कार्टूनमधलं कुणीतरी धपकन पडलं आणि टिली खदखदून हसली.

“जायला,” लोर्ना म्हणाली.

“कुठे?”

“कुठेही. जायची वेळ आली तर.”

बॅरीने लॅपटॉपची कड धरली होती. त्याचे हात मोठे होते, एका अंगठ्यावर जुना भाजल्याचा डाग होता. बराच वेळ तो त्या अंगठ्याकडे बघत होता.

“माझ्यापासून,” तो म्हणाला.

“नाही. ते तू यायच्या आधीपासूनचे. शॉनच्या वेळचे. तुला माहीत आहे कसं—”

“मला माहीत आहे. तू सांगितलंयस. पण मी आल्यावरही चालू ठेवलेस ना?”

तिने सांगायला हवं होतं. मशीनसमोर जे कळलं ते, की संपले ते, बॅरी, या घरातच संपले, तुझ्या केकमध्ये, तुझ्या गॅसमध्ये. काही उरलेलं नाही, मी कुठे जाणार नाहीये आणि मला ते आज दुपारी कळलं. सगळं तोंडाशी आलं होतं. पण ते आता या क्षणी म्हणजे सारवासारव वाटली असती, पकडल्यावर केलेली. आणि शिवाय, ते खरं आहे का हेही तिला पुरतं ठाऊक नव्हतं. पैसे नाहीत म्हणून न जाणं आणि जायचं नाही म्हणून न जाणं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आतूनसुद्धा, कधीकधी.

“ठेवले,” ती म्हणाली.

बॅरीने मान हलवली. एक कळ दाबली, पडद्यावर काहीतरी हिरवं आलं, रिटर्न गेलं. त्याने झाकण मिटलं, हळूच, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लावावं तसं. मग उठून टोपी घातली.

“कुठे निघालास?”

“जरा समुद्राकडे जाऊन येतो. आज शिफ्ट नाही.” दाराशी तो थांबला, पाठमोराच. “मला वाटायचं जादू आहे,” तो म्हणाला. “खरंच वाटायचं.”

आणि गेला. दार आपटलं नाही. ते त्याने नीट, कडी बसेपर्यंत ओढून घेतलं.

पाचला रेडिएटर टकटक करत तापू लागले. बेथन शाळेतून आली होती, तिने दप्तर टाकलं, सगळीकडे पाहिलं. “बॅरी कुठाय? त्याची गाडी इथेच आहे.”

“फिरायला गेलाय.”

“एवढ्या अंधारात? ओहोटी आहे, काय दिसणार त्याला, नुसता चिखल.” बेथनने आईकडे पाहिलं. चौदा वर्षांच्या मुलीला जितकं दिसतं तितकं तिला दिसलं, आणि जितकं विचारायचं नसतं तितकं तिने विचारलं नाही. “बटाटे सोलू का?”

“सोल.”

“सगळ्यांचे?”

लोर्ना खिडकीशी उभी होती. रस्त्यावरून कुणीतरी चालत येत होतं. पावलं जवळ आली, फाटकापाशी मंदावल्यासारखी वाटली, आणि पुढे गेली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिचे खांदे कानांपर्यंत वर गेलेत, श्वास छातीत अडकलाय, हाताची मूठ वळलीय. हे उभं राहणं तिच्या अंगाला पाठ होतं. शॉनच्या घरी, त्याची यायची वेळ झाली की, ती अशीच खिडकीशी उभी राहायची आणि प्रत्येक पावलाला मनात म्हणायची, तो नसू दे, अजून नको, आणखी थोडा वेळ नको. इतकी वर्षं झाली. अंगाला ऐकायची दुसरी रीत कुणी शिकवलीच नव्हती. तेच खांदे, तीच मूठ, तोच अडकलेला श्वास... आणि आत मात्र सगळं उलटं वाहत होतं, उलटं, इतक्या जोराने की तिला काचेवर हात टेकवावा लागला. आपण जाऊ शकतो का, हे ती गेली चार वर्षं रोज रात्री तपासत आली होती. तो जाऊ शकतो, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“आई, सगळ्यांचे सोलू का?”

कोपऱ्यावर पुन्हा पावलं वाजली. जड, थकलेली, कुणाचीही असू शकतील अशी. लोर्नाने श्वास धरला.